रकान्यातला नास्तिक

‘‘ते नास्तिक होते. आमच्या सर्वेक्षणात त्यांनी स्वतःच्या तोंडाने तसे सांगितले आहे,’’ असे आमच्या प्राध्यापकांनी इंदापुरातल्या शोकसभेत जाहीर केले. उत्तरे गुप्त राहतील, असे आश्वासन याच सर्वेक्षणाने दिले होते. असो. प्राध्यापक माझ्या या गेलेल्या मित्राला दोन वर्षे ओळखत होते. मी चाळीस वर्षे त्याचा शेजारी. मी जिवंत असताना ही नोंद खरी ठरणार नाही.

घराच्या पुढच्या खोलीत तो पाण्याच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करीत असे. पाहणीवाला आला, की हातातली तार न सोडता म्हणायचा, ‘‘लिवा, लिवा.’’ मतदानाची पाहणी करणाऱ्या तिघांना त्याने तीन निरनिराळे पक्ष सांगितले. मी रागावलो.

‘‘आबा, उन्हातनं आल्यात. नाराज कशाला करायचं?’’

वर्तमानपत्रातल्या ज्या टक्क्यांवरून आपण हमरीतुमरीवर येतो, त्यांत असा पाहुणचार किती मुरलेला असतो, हे वाचकांनीच ठरवावे.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी त्याच्या पायऱ्या बंद केल्या आणि त्याच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, नरसिंहपूरचे देऊळ. तेव्हापासून दर शनिवारी तो ‘बारामतीला तांब्याची तार आणायला’ माझ्या स्कूटरवर बसून निघे, आणि आम्ही बरोबर उलट्या दिशेला जात असू. देवळाच्या पायऱ्या तो बसून, एकेक करीत चढे. परतताना स्कूटरच्या आरशात पाहून कपाळावरचे गंध पुसे.

‘‘देवाला म्हाईत हाय, तेवढं बास. हिला कळलं तर दुसरा गुडघाबी जाईल.’’

मग प्राध्यापकांची विद्यार्थिनी प्रश्नावली घेऊन आली. मी तेथेच बसलो होतो.

‘‘काका, देवळात किती वेळा जाता?’’

त्याचा हात थांबला. ‘‘कधीच न्हाय.’’

‘‘मग देवावर श्रद्धा नाही, असं लिहू?’’

त्याने माझ्याकडे पाहिले. मान खाली घातली. ‘‘लिवा.’’

शोकसभा संपल्यावर वहिनींनी मला मांडवाबाहेर गाठले.

‘‘आबा, रोज सकाळी माझ्याशेजारी हात जोडून उभं ऱ्हायचं, ते काय नाटक व्हतं? तवापासनं इचारीन म्हनलं. धीर झाला न्हाय.’’

शनिवारांविषयी अवाक्षर काढणार नाही, असा शब्द मी त्याला दिला होता. आयुष्यात दिलेला तेवढाच एक शब्द मी मोडला आणि त्यांना सारे सांगितले. प्राध्यापकांनी आपले तक्ते खुशाल छापावेत. त्यांच्या प्रश्नावलीत ज्याला रकाना नव्हता, ते एवढेच: त्या मुलीने देवळाचा प्रश्न विचारला, तेव्हा वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या.