मधलीचा आवाज

घरात ती मधली. वर ताई, खाली भाऊ. चौघा मित्रमैत्रिणींनी मिळून वाजवायचं ठरवलं तेव्हाही नशिबानं तिला मधेच कोंबलं. वर दोन व्हायोलिनं नखरे करणार, खाली थोरला चेलो खर्जात घुमणार आणि हिचा व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचाच जरा अंगानं भरलेला भाऊ, अधेमधे कुठंतरी. भिंतीतली वीट! नसली तर भिंत कोसळेल. असली तर बघतंय कोण?

बाबा शिलाई मशिनं दुरुस्त करायचे. डोळे मिटून मशीन ऐकायचे आणि दुखणं कुठं आहे ते बरोबर सांगायचे. पण घरी तालीम झाली की दर वेळी एकच प्रश्न. "छान झालं गं. पण यात तू कुठली?"

"अहो, खायला काढलं की पहिली धावते ती!" आई म्हणायची.

सगळे हसत. मधलीही हसायची आणि मग भांडी घासताना नळ जरा मोठाच सोडायची.

शेवटी वाचनालयाच्या सभागृहात त्यांचा पहिला कार्यक्रम ठरला. वाजवायच्या रचनेच्या दुसऱ्या भागाच्या मध्यावर तिघं थांबत आणि व्हायोला एकटा बोले. चहा निवायच्या आत संपेल एवढंच, पण एकटा. तिनं बाबांना बजावलं, "मधे टाळ्या नाही वाजवायच्या. आणि एके ठिकाणी सगळे एकदम गप्प होतील. त्यानंतर जे एकटं वाजेल ना, ते माझं."

"एवढंच ना? झालं तर मग!" म्हणत बाबांनी इस्त्रीच्या शर्टाला पुन्हा इस्त्री केली.

पहिलं व्हायोलिन वाजवणारी, जिला बाकीचे तिघं पाठीमागं सरदारीण म्हणत, तिनं सुरुवातीची खूण म्हणून जोरात श्वास ओढला. "सर्दी झालीय वाटतं पोरीला," पहिल्या रांगेतून कुणीतरी हळहळलं. पहिला भाग संपला. सगळं गप्प. टाळीसाठी उठलेले आईचे हात बाबांनी गपकन धरले. तेवढ्यात दुसरा भाग सुरू झाला, आणि तो सुरू करायचा मान होता चेलोचा. एकट्याचा.

बाबांनी डोळे मिटले.

पुढं मधलीची जागा आली. तिघांचे गज थांबले. वाजवता वाजवता तिनं समोर पाहिलं. बाबा आईच्या कानाशी वाकून, ओले डोळे पुसत, काहीतरी भरभरून सांगत होते. तिचं एकटीचं वाजून संपलं तरी त्यांचं सांगणं चालूच होतं.

कार्यक्रमानंतर ते तिच्याकडं जवळजवळ धावतच आले. "ऐकला गं, ऐकला! कसला खोल आवाज तुझा! पोटातून येतो अगदी."

चेलोवाला लंबू शेजारीच उभा होता. "काका, तो तर..." एवढंच तो बोलला आणि कळवळला. मधलीची टाच त्याच्या बुटावर होती.

"हो बाबा," ती म्हणाली. "तोच माझा."

घरी चालत जाताना बाबा ती चेलोची धून गुणगुणत होते. बेसूर, पण जीव ओतून. थोडा वेळ तिनं ऐकून घेतलं. मग न राहवून त्यात आपली ओळ हळूच मिसळली.

"थांब गं जरा," बाबा म्हणाले. "मला तुझं नीट आठवू दे."

ती गप्प झाली, आणि त्यांच्या पावलाशी पाऊल जुळवत चालत राहिली.