दांडीभाईंची कडक स्प्रिंग

दांडीभाई विजेच्या वस्तू दुरुस्त करायचे आणि विजेला भ्यायचे. कोणतंही यंत्र उघडण्याआधी ते त्याचा प्लग काढत आणि काम संपेपर्यंत स्वतःच्या मांडीवर ठेवत. गिऱ्हाईक हसलं तर म्हणत, "हसा राव. न भिणारे कारागीर म्हातारे झालेले किती पाहिलेत?"

पिंपळे गुरवच्या त्यांच्या दुकानात मिक्सर येत, पंखे येत. पण नाव झालं ते गेमच्या दांड्यांमुळे. जुनी व्हिडिओ गेम पार्लर बंद पडली आणि त्यांत वाढलेली मुलं नोकरीला लागून घरातच प्लायवूडची गेमची कपाटं बांधू लागली. विकत आणलेली जॉयस्टिक त्यांच्या हाताला पोकळ लागे. मग ती भाईंकडे यायची. भाई तळाचे चार स्विच बदलत, दांडी ज्या चौकोनी भोकात फिरते त्याला कानशीने आणखी चार खाचा पाडत, आणि शेवटी कडक स्प्रिंग घालत. "दांडी सोडली की आपली आपण घरी आली पाहिजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला लहानपणी पार्लरची पायरी चढू दिली नव्हती. पन्नाशीत, कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी सांभाळून, मी तसं एक कपाट बांधलं आणि त्यांच्याकडे गेलो. पुढे दांडीचं काम नसलं तरी जात राहिलो.

गल्ल्याशेजारी लाकडी खोक्यात बसवलेली त्यांची स्वतःची दांडी असे, सगळ्यांत कडक स्प्रिंगची. दुकान उघडलं की आधी ती चारही दिशांना फिरवायची, मग बाकीची कामं. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी ते तिच्यात तेल सोडताना दिसले. जड झालीय म्हणाले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेल. मी हात लावून पाहिला. दांडी होती तशीच होती. त्यांना ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. ते थोरल्या भावाबद्दल सांगू लागले. तो निघोजेला एका कंपनीत होता. आधी हातातून कप पडला. दोन वर्षांत मानही धरता येईना.

"सर, त्याचाही उजवाच हात होता," भाई म्हणाले.

डॉक्टरांनी नसांची तपासणी सांगितली, सुया टोचून करायची. तारीख मिळाली आणि भाईंची झोप गेली. दिवसातून वीस वेळा ते दांडी ढकलत, आणि दर वेळी ती त्यांना आधीपेक्षा जड लागे. मला ते बघवेना. तपासणी सोमवारी होती. आधीच्या शुक्रवारी मला दुकानात बसवून ते नमाजाला गेले. मी खोकं उलटं केलं, चार स्क्रू काढले आणि त्यांच्याच डबीतली नरम स्प्रिंग आत बसवली. तीन रात्री माणूस झोपेल, एवढाच माझा विचार होता.

परत आल्यावर त्यांनी दांडी ढकलली. पुन्हा ढकलली. डोळे मिटले.

"सर, हात परत आला."

आयुष्यभर नुसत्या बोटांनी स्प्रिंग ओळखणाऱ्या माणसाला ती ओळखता आली नाही. हात खरंच गेलाय, हे मला कळलं ते तेव्हा.

त्यांनी तपासणी रद्द केली आणि आजूबाजूच्या दुकानांत जिलेबी वाटली. मीही खाल्ली. पुढचे तीन आठवडे मी लांबच्या रस्त्याने घरी जात होतो. एकदा टाळता आलं नाही, आत गेलो. पाच मिनिटांत त्यांच्या हातातून स्क्रूड्रायव्हर तीनदा पडला, आणि तिन्ही वेळा ते हसले. मग मी सांगून टाकलं.

त्यांनी स्प्रिंग काढून तळहातावर घेतली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तीन आठवडे मस्त झोपलो," ते म्हणाले. "आता तुम्हीच चला बरोबर. एकट्याला भीती वाटते."

गेलो. सुया टोचत होते तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरून ठेवलं होतं. भावाचाच आजार निघाला. तीन आठवड्यांनी काही बिघडलं का, हे डॉक्टरांना विचारायची हिंमत मला झाली नाही. अजून झालेली नाही.

भाई गेल्या वर्षी गेले. चाळिसाव्या दिवशी त्यांच्या पत्नीने, नसीमभाभींनी, माझ्यापुढे चहा ठेवला आणि शेजारी बसल्या. पहिल्यांदा तपासणी का टळली, ते भाईंनी त्यांना सांगितलं होतं म्हणे: "मीच घाबरलो, हात बरा झाल्याचं सोंग केलं."

"तुम्ही होतात म्हणून तरी गेले," भाभी म्हणाल्या. "नाहीतर त्या भित्र्या माणसाला कोण घेऊन जाणार होतं?"

मी मान खाली घालून चहा प्यायलो आणि उठलो.

हे एवढं लिहायला मला सहा महिने लागले. भाभी मराठी शाळेत शिकल्या आहेत. माझं काही छापून आलं की त्या आवर्जून वाचतात.