चायनीजच्या गाडीची ओळ

दुष्काळात सहकारी दूध संघाच्या कचेरीत बसून पुस्तिका लिहायची नोकरी कुणाच्या नशिबी येऊ नये. माझ्या आली. आधी पुण्यात सॉफ्टवेअरच्या पुस्तिका लिहायचे, मग बीडला परत आले. संघाला म्हणे असंच माणूस हवं होतं: फॅट मोजायचं मशीन कसं धुवायचं, दुधाचा कूलर कसा सांभाळायचा, टंचाईत जनावरांना काय घालायचं, हे साध्या मराठीत लिहून देणारं. कामाबद्दल माझी तक्रार नव्हती. तक्रार होती ती 'अर्जंट' या शब्दाबद्दल.

संघात प्रत्येक कागद अर्जंट. वार्षिक अहवाल अर्जंट, कूलरच्या उद्घाटनाची पत्रिका अर्जंट, आणि कुण्या संचालकाच्या सत्काराचं मानपत्र तर अर्जंटच्या वर अर्जंट. अरे, पण कूलरमध्ये घालायला दूध कुठाय? निम्मी जनावरं चारा छावणीला गेलेली, उरलेल्यांच्या बरगड्या लांबून दिसायच्या, आणि मी बसलेय पत्रिकेवर नावं लावत, कुणाचं वर न् कुणाचं खाली. शेवटी वैतागून भिंतीवर लिहून लावलं: ज्याच्यावाचून कुणाचं जनावर मरेल तो कागद पहिला, ज्याच्यावाचून कुणी नुसतं रुसेल तो शेवटी. चेअरमनसाहेबांनी उभ्या उभ्या वाचलं. छान आहे म्हणाले, पण आधी अहवाल घ्या.

माझ्या लेखी पहिला कागद युरियाचा होता. हिरवा चारा औषधालाही उरला नव्हता. वाळल्या भुसावर युरियाचं पाणी शिंपडून, थर लावून, प्लास्टिकखाली तीन आठवडे मुरवलं की त्यात थोडा कस येतो आणि जनावर तग धरतं. पण शेवटी युरियाच तो. तेच पाणी जनावरानं थेट प्यायलं तर जिवाशी गाठ. म्हणून संघाच्या गुरांच्या डॉक्टरांनी गावोगाव बजावलं होतं की छापील कागद हातात आल्याशिवाय कुणी हे करायचं नाही. आणि तो कागद माझ्या टेबलावर, अहवालाखाली.

मांजरसुंब्याजवळच्या खेड्यातली एक मावशी बीडला आली की जिना चढून माझ्याकडे यायचीच. नवरा गेलेला, मुलगा ऊसतोडीला, घरात सून आणि एक म्हैस. छावणीला धाडायची तिची तयारी नव्हती, कारण घर त्या म्हशीच्या दुधावर चालायचं. झाला का कागद, एवढंच विचारायची. एकदा मी तिला बसवून तोंडीच सांगायला लागले, तर नको म्हणाली. ऐकलेलं घरी जाईस्तोवर निम्मं सांडतं, सून वाचते, लिहिलेलंच द्या. लिहिलेलंच द्या म्हणणारा वाचक मला पुण्यात एकही भेटला नव्हता. आणि अशा बाईला मी सांगत होते, पुढच्या खेपेला नक्की. लाज वाटायची, आणि लाजेपेक्षा संताप जास्त यायचा.

अहवाल एकदाचा छापून झाला. सर्वसाधारण सभेत पहिला विषय वाचून संपायच्या आत 'मंजूर, मंजूर' झालं आणि माझी गुळगुळीत पानांची मेहनत लोकांनी बुडाखाली घेतली. बसायला सतरंजी कमी पडली होती, त्यांचं तरी काय चुकलं?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना समोर बसवून मी युरियाचा कागद लिहायला घेतला. तेवढ्यात त्यांना दिंद्रुडकडून फोन आला. कागदाची वाट न बघता एकानं आपल्या मनानं प्रयोग केला होता आणि बैल आता थरथरत होता, तोंडाला फेस. डॉक्टर म्हणाले, व्हिनेगर थंड पाण्यात मिसळून पाजा, आत्ताच्या आत्ता. पलीकडून विचारणा झाली की ते काय असतं आणि कुठं मिळतं. थोड्या वेळानं पुन्हा फोन आला: मेडिकलवाल्यानं नाही म्हणून सांगितलं, किराणावाल्यानं तर नावही ऐकलं नव्हतं. डॉक्टर कपाळाला हात लावून बसले. मला एकदम नूडल्सवर ओततात ती बाटली आठवली आणि मी जवळजवळ फोन हिसकावूनच घेतला. चायनीजच्या गाडीवर जा म्हटलं. पलीकडचे धावले. बैल वाचला.

मग मी तोच मजकूर सगळ्यात वर घेतला, ठळक अक्षरात. जनावर थरथरलं, फेस आला, तर व्हिनेगर थंड पाण्यातून पाजा आणि डॉक्टरांना बोलवा. व्हिनेगर मेडिकलमध्ये मिळत नाही, चायनीजच्या गाडीवर मिळतं. किती, कसं, सगळं त्याखाली. आयुष्यात इतका कामाचा कागद मी लिहिला नव्हता.

चेअरमनसाहेबांनी वाचला. त्यांना युरिया पटला, फेस पटला, गाडी पटेना.

"मॅडम, संघाच्या कागदावर चायनीजची गाडी? विरोधक काय म्हणतील?"

हसतील फार तर, हसू द्या की, मी म्हटलं, दिंद्रुडचा बैल चरतोय. ते म्हणाले, बघू. सहकारात 'बघू' म्हणजे काय ते मला तोवर कळायला हवं होतं, पण तो बैल जगलाय म्हटल्यावर माणूस ऐकेल असं मला वाटलं.

छापखान्यातून गठ्ठे आले. वरच्या निम्म्या पानात हात जोडलेले चेअरमनसाहेब आणि त्यांचा धीर देणारा संदेश. व्हिनेगर तळाला गेलेलं, 'पाजावे' एवढंच. गाडी गायब. मी तडक त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. ते शांतपणे म्हणाले, दुसऱ्या खेपेला घालू, एवढं काय मनावर घेता. परत येऊन मी पेन घेतलं आणि एकेका कागदावर ती ओळ हातानं लिहीत सुटले. पण दुधाच्या टेम्पोनं बरेचसे गठ्ठे आधीच उचलले होते.

मावशीच्या गावाला त्यातलेच गेले. तिनं सगळं कागदात होतं तसं केलं. युरियाचं पाणी टबात कालवलं, सून भूस पसरायला लागली. टँकर येऊन गेलेला नव्हता, म्हैस तहानलेली, तिनं दाव्याला हिसका दिला आणि टबात तोंड घातलं. ती थरथरायला लागली तशी सुनेनं कागद मोठ्यानं वाचला. शेजारचा माणूस मोटरसायकल काढून निघाला. डॉक्टर दुसऱ्या गावाला, फोन लागेना. तो फाट्यावरच्या मेडिकलमध्ये गेला, मग दुसऱ्या, मग किराणात. त्याच फाट्यावर ढाब्यांच्या पुढं चायनीजच्या गाड्या ओळीनं उभ्या असतात, त्यांच्यासमोरून तो रिकाम्या हातानं घरी गेला. म्हैस तोवर आडवी झाली होती, ती उठली नाही.

हे सगळं मावशीनं मला माझ्या टेबलासमोर बसून सांगितलं. रडली नाही. पाणी दिलं तर घेतलं नाही. पिशवीतून कागद काढून टेबलावर उलगडला आणि विचारलं,

"मॅडम, समदं लिवलंय तुमी. मंग ते कुठं मिळतंय, तेवढं कावून न्हाई लिवलं?"

मी लिहिलं होतं म्हणायचं ते राहिलं, मी तळाचं 'पाजावे' पुन्हा वाचायला लागले. तिला वाटलं मला समजलं नाही. तिनं हात जोडलेल्या चेअरमनसाहेबांच्या फोटोवर बोट ठेवलं.

"हितं जागा व्हती की," ती म्हणाली.