वाकडच्या गच्चीवर शालनबाई

चऱ्होलीच्या शालनबाईंनी साठीला टेकताना आयुष्यातलं पहिलं कॉकटेल घेतलं. तेही मुलाच्या लग्नाच्या वाढदिवशी, मुलासाठी राखून ठेवलेल्या खुर्चीत बसून.

त्याचं असं झालं. त्यांचा मुलगा रोहिदास चाकणच्या कंपन्यांना कामगारांची ने-आण करायला बस पुरवतो. लग्नाला पाच वर्षं झाली म्हणून त्यानं वाकडच्या एका हॉटेलात गच्चीवरचं टेबल सांगून ठेवलं होतं. त्याची बायको मोनिका नवा ड्रेस घालून तयार झाली, आणि तेवढ्यात फोन वाजला. कुरुळीजवळ बस बंद पडली होती आणि सगळी शिफ्ट रस्त्यावर उभी होती.

"सॉरी गं, पुढच्या शनिवारी नक्की," बूट चढवता चढवता रोहिदास म्हणाला आणि गेलासुद्धा.

मोनिका सोफ्यावर बसून कानातले काढू लागली. समोर शालनबाई शेंगा सोलत होत्या.

"काढू नगंस," त्या म्हणाल्या. "मी येते की."

"आई, तिथं बार आहे."

"मग काय झालं? जेवाय मिळतंय न्हवं?"

आबाजी, म्हणजे शालनबाईंचे यजमान, हरिपाठाला देवळात गेले होते. ते माळकरी. माळ त्यांच्या गळ्यात, पण पथ्य दोघांना. शालनबाईंचं माहेर मावळात पवनेच्या काठी. वडील नदीत जाळं टाकायचे आणि मासळीचं कालवण झालं की सगळं घर बोटं चाटायचं. लग्न होऊन चऱ्होलीला आल्या आणि ते सगळं सुटलं. कुणी जबरदस्ती केली नाही. पण कुणी विचारलंही नाही.

जरीकाठाचं लुगडं नेसून त्या लिफ्टमधून वर गेल्या. दारावरच्या माणसानं सलाम ठोकला, तर यांनीही हात जोडले. मेनू इंग्रजीत होता. मोनिका वाचून सांगायला लागली तशी त्यांनी तिला मध्येच थांबवलं.

"मासं हायत का बघ."

मांदेली होती, कुरकुरीत तळलेली. शालनबाईंनी पहिला मासा उचलला, डोळे मिटले आणि खाऊन झाल्यावर बोटं चाटली. प्लेट संपली. दुसरी मागवली.

मोनिका जरा चाचरत म्हणाली, "आई, आम्ही दोघं आलो की मी एखादं ड्रिंक घेते. घेतलं तर चालेल?"

"घे की. आन मलाबी एक सांग."

मोनिकानं दोन सांगितली. बारवर दीक्षा नावाची सावंतवाडीकडची मुलगी होती. कोकम, हिरवी मिरची, ग्लासाच्या काठाला मीठ, असं तिचं एक खास ड्रिंक होतं. लुगड्यातल्या बाई पाहून ती स्वतःच टेबलाशी आली.

"मावशी, ह्यात दारू असता हां. बिनदारूचाही करून देईन."

"हाय तसंच आण, बाळा."

पहिल्या घोटाला ते ड्रिंक सोलकढीची बहीणच वाटलं. चौथ्या-पाचव्याला कानशिलं गरम झाली. वारा छान सुटला होता, खाली हायवेवर गाड्यांचे दिवे पळत होते. पोरगी असताना पवना पोहून पलीकडच्या चिंचा कशा चोरल्या, ते शालनबाईंनी हातवारे करून सांगितलं. मोनिका हसता हसता बोलून गेली, "आई, पहिलं वर्षभर मला तुमची फार भीती वाटायची."

"मला तुझी," शालनबाई म्हणाल्या. "फाडफाड इंग्रजी बोलायचीस फोनवर. म्हटलं, हिला आपली भाकरी गोड लागंल का न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो पडला. शालनबाई, हातात ग्लास. खाली लिहिलेलं, 'काकी जोरात!' चहाच्या वेळेला धाकटे दीर दौलतराव दारात उभे.

"वहिनी, ह्या वयात ही थेरं? दादाच्या गळ्यात माळ हाय. गाव काय म्हणंल?"

शालनबाईंनी त्यांच्यापुढं पाट सरकवला. "बसा तरी. फोटू कुणी काढला म्हणायचा?"

"आमच्या नवनाथनं."

"मग त्यो तिथं काय सत्यनारायणाला गेल्ता?"

रोहिदासला चहाचा ठसका लागला. आपला लेक नवनाथ पितो हे दौलतरावांना ठाऊकच नव्हतं. ते चहा न घेताच उठले, आणि थोड्याच वेळात त्यांच्या घरातून आरडाओरडा ऐकू यायला लागला.

आबाजी मात्र हसले नाहीत. दोन दिवस जेवणापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी शालनबाई ओट्यावर कोथिंबीर निवडत असताना शेजारी येऊन बसले.

"इतकी वर्षं मासं खावंसं वाटत व्हतं?"

"वाटायचं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी इचारलं न्हाई."

आबाजींनी कोथिंबिरीची एक काडी उचलली आणि तिची पानं खुडत बसले. मग म्हणाले, "घरात न्हाई चालायचं. भायेर खा काय खायचं ते. दारूचं मात्र मला पटत न्हाई."

"मला पटलं," शालनबाई म्हणाल्या. "पर एकच घेते. दुसऱ्यानं गुडघं हलत्यात."

यावर दोघांचं अजूनही एकमत झालेलं नाही. पण महिन्यातला एक शनिवार सासू-सुनेचा ठरला. आता शालनबाई नवीन काही निघालं की चाखून बघतात. कॉफी घातलेलं एक आलं, तर त्यांनी ते परत पाठवलं. कॉफी घरी मिळते म्हणाल्या.

गेल्या शनिवारी आबाजी आपण होऊन गाडीत बसले. कुठं निघालात, असं विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. गच्चीवर त्यांनी घरून आणलेल्या बाटलीतलं पाणी घेतलं आणि दीक्षाला गाणी हळू लावायला सांगितलं. तिनं लावलीही. मांदेली आली तशी वासानं त्यांनी खुर्ची हातभर मागं घेतली. शालनबाई लिंबू शोधू लागल्या, तेव्हा मात्र वाटी त्यांनीच पुढं सरकवली.

"काटा बघून खा," म्हणाले.