मांजरपाटावरची मांजर

माझी गिऱ्हाइकं बहुतेक वारलेली असतात. त्यामुळे ती नाक नीट आलं नाही म्हणून रुसत नाहीत आणि बैठक अर्धवट टाकून दूध प्यायला जात नाहीत. कुणाचे सासरे, कुणाची आजी, कुणाचे उमरेडचे मोठेबाबा. घरची मंडळी कोपरा दुमडलेला एखादा फोटो घेऊन येतात आणि मी त्यावरून बैठकीत लावण्याजोगं मोठं चित्र रंगवून देते. आधारकार्डावर चोरासारखी दिसणारी माणसं माझ्या हातून न्यायाधीश होऊन बाहेर पडतात. आजवर एकाही मृताने मला नावं ठेवलेली नाहीत.

अशा सुखाच्या धंद्यात नागपुरातल्याच सदर भागातून एका काकूंचा फोन आला. ओळखदेख काही नाही, थेट सुरुवात.

"तू मांजरीचं चित्र काढते का वं?"

"काढते ना. फोटो पाठवा."

"फोटो काहून? ती इथंच बसून राहिली."

नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे 'बसून राहिली' म्हणजे आत्ता, या क्षणी, बसली आहे. पुण्याच्या माणसाला वाटेल, बिचारी उठलीच नाही.

गेले. काकू एकट्या राहत होत्या, नोकरीतून निवृत्त. मांजर कूलरसमोरच्या ओल्या फरशीवर पसरली होती. करड्या अंगावर काळे पट्टे, एक कान कुठल्याशा लढाईत फाटलेला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. गिऱ्हाईक जिवंत असलं की असे अपमान सोसावे लागतात.

काकूंची लेक हैदराबादला. तिने आईला कायमचं तिकडे बोलावलं होतं. नातवाला दमा, घरात मांजरीचा केससुद्धा चालत नव्हता. म्हणून काकू जाणार आणि मांजर तळमजल्यावरच्या शेजारणीकडे राहणार, असं ठरलं होतं.

"व्हिडिओ कॉलवर बघत जा ना तिला," मी म्हटलं.

"पाहिलं करून. ते मांजर फोन चाटते. माह्याकडे पाहतच नाही." काकूंनी मांजरीकडे बोट केलं. "मले माह्याकडे पाहणारी पायजे. बाकी तू काही कमी-जास्त केलं तरी चालते."

आता कापड. मी तयार कॅनव्हास वापरत नाही. गांधीबागेतून मांजरपाट आणते, चौकटीवर ताणते, सरस आणि पांढऱ्या रंगाचे हात देते. मांजरपाट म्हणजे साधं जाडंभरडं सुती कापड, त्याचा मांजरीशी काडीचा संबंध नाही. पण दुकानदाराला मी मुद्दाम ऐटीत सांगितलं, "मांजर काढायला मांजरपाट द्या." तो गजाने कापड मोजता मोजता म्हणाला, "मांजर तुमची मॅडम, पाट आमचा. कुत्रा काढायचा असन तर दुसरं दुकान पाहा."

काकूंकडे बसून पेन्सिलीने भरपूर टिपणं केली आणि रंगकाम घरी केलं. चित्र उत्तम झालं. एक एक मिशी मोजून घ्यावी असं. रुबाबात घेऊन गेले, खुर्चीवर उभं केलं आणि पडदा सारावा तशी ओढणी बाजूला केली. काकू वाकून बघतच राहिल्या. मला वाटलं, भारावल्या.

तेवढ्यात तळमजल्यावरची शेजारीण काहीतरी वाटीत घेऊन वर आली. चित्र दिसताच तिने वाटी खाली ठेवली, पायातली चप्पल काढली आणि हात जोडले.

"अवं माय! केव्हा गेली वं? सकाळी तर माह्या घरून दूध पिऊन आली!"

मांजर त्या वेळी तिच्याच पायाला अंग घासत होती. शेजारीण किंचाळून मागे सरकली. मी इतकी हसले की मला टेकावं लागलं. काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चित्रावर बोट ठेवलं.

"हिच्या छातीवर एवढी मोकळी जागा काहून सोडली?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माझी चित्रं भिंतीवर जातात आणि त्यांना हार घातला जातो. हाराने चेहरा झाकू नये म्हणून मी डोकं थोडं खाली घेते, छातीचा भाग साधा ठेवते, मागे उजेडाचा गोल देते. हात आपोआप चालतो. मी मांजरही तशीच काढली होती: समोर तोंड, शांत नजर, पाठीमागे प्रकाश. फक्त हार घालायचा बाकी होता.

"तिकडं हे लावलं," काकू म्हणाल्या, "तर जो येईल तो हात जोडून जाईल. मी काय रोज सांगत बसू? ती मेली नाही म्हणून, मीच तिले टाकून आली म्हणून?"

माझं हसू जागच्या जागी वाळलं. चित्र काखेत मारलं आणि म्हटलं, "तुमचं सामान बांधून व्हायच्या आत हिला जिवंत करते. नाही केली, तर ब्रश फुटाळा तलावात बुडवते."

घरी आले आणि युद्ध सुरू केलं. मागचा उजेड पुसला. मांजर तशीच गेलेली. डोळ्यात चमक वाढवली, तर मेल्यावर आश्चर्य वाटल्यासारखी दिसू लागली. शेजारी लोकरीचा गुंडा काढला. नवरा चहाचा कप घेऊन डोकावला. "हे तिच्या आवडीच्या वस्तू ठेवल्यासारखं वाटून राहिलं," एवढं बोलून पसार झाला. मी सगळ्यावर पांढरा हात मारला. माझी सगळी चित्रं 'होते' आणि 'होत्या' अशी असतात. काकूंना 'बसून राहिली' हवं होतं, आणि ते मिळेपर्यंत मी सोडणार नव्हते.

पुन्हा सदर गाठलं. या वेळी मांजरीकडे बघायचंच नाही, ती काकूंकडे कशी बघते ते बघायचं, असं ठरवून स्वयंपाकघराच्या दारात ठाण मांडलं. कूलरसमोर ती महाराणी कुणाकडेच बघेना. पण काकूंनी पोळपाट काढला तशी ती उठली, ओट्याखाली आली, शेपूट काकूंच्या पायाभोवती टाकली आणि मान मागे टाकून वर बघू लागली. पोळीवर घालायच्या तुपासाठी! भिंतीवरची माझी सगळी पितरं वरून खाली बघतात. ही खालून वर बघत होती.

मी स्टूल ओढलं आणि काकूंच्या खांद्यामागे चढले.

"अवं, पडशील न!"

"पडू द्या. तुम्ही लाटा. आणि तूप लगेच देऊ नका."

"उपाशी ठेवतं का तिले?"

"चित्रासाठी, काकू. थोडा वेळ."

वरून पाहिलं तर छातीच दिसत नव्हती. मोठं कपाळ, वर उचललेली हनुवटी, दोन अधीर डोळे, मागे इवलंसं अंग. भोवती फरशी, कोपऱ्यात साडीचा काठ आणि काकूंच्या पायाचं बोट, त्याभोवती शेपटी. त्याच मांजरपाटावर नव्याने काढली. बाजूला फाटका कान. हार घालायचा म्हटला तरी गळा कुठे शोधणार?

परीक्षेला शेजारणीलाच बोलावलं. ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. चपला पायातच.

"अवं, देऊन टाका न तिले काहीतरी," ती काकूंवर खेकसली. "केव्हाची मागून राहिली बिचारी!"

काकूंनी पदराने डोळे टिपले आणि चित्र भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवलं. खिळा ठोकायचं नाव काढलं नाही.

हैदराबादलाही ते स्वयंपाकघरात, ओट्याजवळ जमिनीवर उभं आहे. फरशी पुसताना आड येतं म्हणून लेक रोज कुरकुरते. काकू हलू देत नाहीत. मागे फोनवर सांगत होत्या, पोळ्या लाटताना त्या अजून पाय जपून टाकतात.

"पोरगी ओरडते, आई, चित्र आहे ते," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, माहीत आहे मले. पण शेपटी आहे न तिथं."