हाजराबाईची पहिली मोटार

नागभीडच्या स्टेशनाकडून बाजाराकडे येणाऱ्या रस्त्यावर नूर मोहम्मदांचं मोटार दुरुस्तीचं दुकान होतं. आसपासच्या खेड्यांत धानगिरणीची मोटार जळली किंवा विहिरीवरचा पंप बंद पडला, की लोक ते यंत्र बैलबंडीत घालून इथंच आणत. नूर मोहम्मदांनी हे दुकान आपल्या हिमतीवर उभं केलं आणि पुढं हात थरथरू लागले तेव्हा मुलाच्या, शफीच्या, हवाली केलं. मात्र दुकानातलं निम्मं काम घराच्या ओसरीवरच होतं, हे गावात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. शफीची बायको हाजरा लाकडी फर्म्यावर तांब्याची तार गुंडाळून मोटारींच्या कॉइली बनवायची. त्या कॉइली शफी दुकानात नेऊन मोटारींत बसवायचा.

हाजराच्या हातात शिस्त होती. तारेवर तार चढायची नाही, कुठं ढिली पडायची नाही. मध्येच उठून वरणाला फोडणी देऊन आली, तरी वेढ्यांचा हिशोब डोक्यात पक्का. शफी म्हणायचा, "हाजराची कॉइल आहे, पाहाची गरजच नाई." ऐकून तिला बरं वाटे, पण एक गोष्ट तिला स्वस्थ बसू देत नव्हती. आपल्या हातची तार मोटारीत जाऊन नेमकं करते काय, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

एकदा जेवताना तिनं शफीला विचारलं, "तार तर बसल्या जागी राह्यते. मंग मोटार फिरते काऊन?"

"करंट देला का फिरते."

"ते मलेही माईत आहे. पन फिरते काऊन?"

शफी हसला. "अब्बाले विचार."

नूर मोहम्मद समोरच बसले होते. मान वर न करता म्हणाले, "बहू, तार गुंडाळाचं काम चांगलं करतेस. तेच कर. मोटार उघडाचं काम दुकानातलं आहे." आवाजात राग नव्हता, पण पुढं बोलायला जागाही नव्हती.

शेजारच्या खोलीत सत्यशीलाबाई भाड्यानं राहायच्या. मुलींच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत. आईवडील धानाच्या बांध्यांत मजुरी करणारे, आणि घराण्यात शिकून नोकरीला लागलेल्या त्याच पहिल्या. हाजरानं आपला प्रश्न हातपंपावर त्यांच्यापुढं ठेवला. सत्यशीलाबाईंनी भरलेली बादली खाली ठेवली.

"ताई, तारेतून वीज वाहाले लागली आणि जवळ चुंबक असला, का ते तार बाजूले सरकते. चुंबक तिले आपल्याकडे ओढत नाई, दूरही लोटत नाई. बाजूले सारते. फिराले जागा असली का मंग ते फिरतच राह्यते."

"बाजूले?" हाजरानं पुन्हा विचारलं.

"हो. ट्रेनिंगले गेली होती तेव्हा मले दाखवलं होतं. एक सेल, एक चुंबक आन तारेचा तुकडा. बस, झाली मोटार. पन कसं जमवलं होतं, ते नीट आठवत नाई. करूनच पाहा लागंन."

हाजराला तेवढं पुरे होतं. भंगारात पडलेल्या एका फुटक्या रेडिओच्या स्पीकरचा चुंबक तिनं शफीकडून मागून घेतला. जाड काळ्या चकतीसारखा, मधोमध भोक. टॉर्चचा मोठा सेल घरात होता, आणि तारेला तर काय तोटा? रविवारी सकाळची कामं आटोपून दोघी ओसरीवर बसल्या. चुंबकावर सेल उभा केला. तार वाकवून तिची चौकट केली, वरचा मधला भाग सेलच्या पितळी टोपीवर टेकवला आणि दोन्ही बाजूंचे पाय खाली चुंबकाच्या कडेपर्यंत सोडले.

तार ढिम्म.

हाजरा तारेकडे बघत राहिली आणि एकाएकी कपाळाला हात लावून हसू लागली. "बाई, तारेवरचं वार्निशच नाई काढलं! रोज कॉइलीचे टोक खरडून देते आन आज घरच्या मोटारीले विसरली!" तिनं ब्लेडनं तार टेकते तिथली सगळी टोकं खरडली. तांबं लखलखलं. पुन्हा चौकट ठेवली. तरीही हालचाल नाही.

सत्यशीलाबाईंनी सेल बदलून पाहिला. हाजरा मात्र चुंबक हातात घेऊन त्याच्यावरून बोट फिरवत होती. तो लोखंडासारखा जड होता, पण हाताला मातीच्या खापरासारखा लागत होता. ती आत जाऊन टॉर्चचा बल्ब घेऊन आली. सेल, बल्ब आणि मध्ये चुंबक असं तिनं तारेनं जोडून पाहिलं. बल्ब लागेना. चुंबक काढला आणि तार थेट जोडली, तर लख्ख लागला.

"हा काळा बाबा वीज जाऊच देऊन नाई राह्यला," हाजरा म्हणाली.

"मंग याले धातूचं काई गुंडाळा लागंन," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

शफीच्या सिगारेटच्या पाकिटांतला चांदीचा कागद कामी आला. हाजरानं चमकती बाजू बाहेर ठेवून तो चुंबकाभोवती असा ओढून बसवला, की एक सुरकुती दिसली तर शपथ. आता बल्ब लागला. चौकट सेलवर ठेवताच ती थरथरली, जराशी वळली आणि घसरून पडली.

"सरकली! बाजूले सरकली!" हाजरा ओरडली.

मग तिचा हात कामाला लागला. तार टोपीवर ठरावी म्हणून खिळ्यानं पितळेत बारीकसा खड्डा केला. दोन्ही पाय सारख्या वजनाचे केले, कागदाला जेमतेम स्पर्श होईल एवढेच वाकवले. खाली भंगारातल्या दुसऱ्या स्पीकरचा चुंबक तसाच कागद गुंडाळून जोडला, जोर वाढावा म्हणून. शेवटी श्वास रोखून तिनं चौकट ठेवली आणि बोटं काढून घेतली.

तार फिरली. आधी अडखळत, मग सरसर, मग अशी की तांब्याचं नुसतं लालसर कडं दिसावं. एवढी वर्षं गुंडाळलेली सगळी तार त्या क्षणी हाजराला पहिल्यांदा जिवंत दिसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही आवरेना. सत्यशीलाबाईंनी शाळेतल्या पोरीसारख्या टाळ्या पिटल्या.

आवाजानं शफी धावत आला आणि दारातच थबकला. "हे तू केलं?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पारावर बसलेल्या मंडळींना बोलवायला पळाला.

नूर मोहम्मद नमाज आटोपून परतले तेव्हा ओसरीवर गर्दी होती. लोक बाजूला झाले. म्हातारा सेलपुढं उकिडवा बसला आणि फिरणारी तार जवळून बघू लागला. तार गरम होते म्हणून हाजरानं चौकट उचलली, तेव्हा त्यांनी विचारलं, "बहू, चुंबक पालथा घातला त काय होईन?"

हाजरानं ते करून पाहिलं नव्हतं. तिनं डोळे मिटले, बाजूला सरणारी तार मनात आणली. "चुंबकाचं तोंड फिरलं, त तारही दुसरीकडे सरंन. उलटी फिरंन, अब्बा."

"दाखव."

तिनं दोन्ही चुंबक एकत्रच पालथे केले. तार उलटी फिरू लागली.

"आन चुंबकासंगं सेलही पालथा केला त?"

आता ती फार थांबली नाही. "दोनदा उलटं म्हंजे सुलटंच. पयले फिरत होती तशीच फिरंन."

नूर मोहम्मदांनी गुडघ्यावर हात टेकून उठत लोकांकडे पाहिलं. "मी उस्तादाकडे पाच वर्षं झाडू मारला, तवा हे समजलं," ते म्हणाले. "माझ्या बहूनं घरात बसून शोधून काढलं." आणि हाजराच्या डोक्यावर हात ठेवला. "उद्यापासून दुकानात येशीन. मोटार उघडाले मी शिकवतो."

लोक कुजबुजले, नातेवाइकांपैकी एकदोघे घरी येऊन समजावूनही गेले. म्हाताऱ्यानं त्यांना चहा पाजला आणि निरोप दिला. हाजरा रोज दुकानात जाऊ लागली. सासरे स्टुलावर बसून सांगत, ती हातानं करत असे. जळलेली वाइंडिंग म्हणजे आतली जुनी तार कापणं, खाचांत कागद बसवणं, जोडण्या करणं, वार्निश देऊन सुकवणं, सगळं ती शिकली.

पुढच्या वर्षी ऐन धान भरडायच्या हंगामात घोडाझरीकडच्या एका गावचे गिरणीवाले बापूजी जळकी मोटार घेऊन आले. शफी माल आणायला नागपूरला गेला होता.

"शफीभाऊ कवा येते?"

"शफी नाई. पन मिस्त्री आहे दुकानात," नूर मोहम्मद म्हणाले.

बापूजींनी दुकानभर पाहिलं. "कुठी आहे मिस्त्री?"

"तुमच्यासमोर."

हाजरानं पदर खोचला आणि पाना उचलला. बापूजी घुटमळले, पण गेले नाहीत. धानाची पोती गिरणीत खोळंबली होती. नवी तार भरून, वार्निश सुकून मोटार तयार झाली, तेव्हा सासरा आणि सून बंडीत बसून ती लावायला गेले. गिरणीपुढं गावातली माणसं जमली होती. मोटारीवरून गिरणीला जाणारा पट्टा हाजरानं चढवू दिला नाही. "आदी नुसती मोटार फिरवून पाहू," ती म्हणाली. बटण दाबलं, मोटार फिरली, पण उलटी. कुणीतरी फिदीफिदी हसलं.

"बंद करा," हाजरा शांतपणे म्हणाली. "या तीन तारांतल्या दोन अदलाबदल करा. नव्या वाइंडिंगले असं होतेच, म्हनूनच पट्टा नाई चढवू देला." तारा बदलल्या. मोटार सुलट फिरली आणि एका लयीत घुमू लागली. पट्टा चढला, धान आत गेलं आणि पांढराशुभ्र तांदूळ बाहेर पडला. हसणारा माणूस पहिली मूठ घ्यायला पुढं आला.

"अब्बा," परतताना बंडीत हाजरा म्हणाली, "तुमी तिथी एकही शब्द बोलला नाई."

"कायले बोलू?" नूर मोहम्मद म्हणाले. "मी पाहून राह्यलो होतो."

त्यानंतर लोक दुकानात येऊन "हाजराबाई आहेत का?" असंच विचारू लागले. तीन वर्षांनी आरमोरीच्या एका गिरणीतून बोलावणं आलं, तेव्हा ती एकटीच एसटीनं निघाली. मांडीवरच्या पिशवीतून खणखण आवाज आला, तसं कंडक्टरनं विचारलं, "बाई, भांडे घेऊन चालल्या का?"

"नाई," हाजरा खिडकीजवळ सरकत म्हणाली, "माझे अवजार आहेत."