करंगळीचं नख

आबा आधी दुसऱ्याची गाडी चालवायचे. मालकानं गाडी काढली नाही की त्या दिवसाची मजुरी नसायची आणि आम्ही ताकात भाकरी कुस्करून खायचो आणि निजायचो. पुढं त्यांनी जुनी व्हॅन घेतली, कळंब्यातली पोरं राजारामपुरीच्या शाळेत सोडू लागले. तिच्यावरच मी घरातला पहिला पदवीधर झालो. मग इंजिन धूर ओकू लागलं.

मी गाडी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडं नेली. त्यांचं नाव मी विचारलंच नाही. हाताची सगळी नखं काळी, तोकडी. फक्त उजव्या करंगळीचं वाढवलेलं आणि स्वच्छ. त्यांनी इंजिन उघडल्यावर मी मोबाईलवरची जाहिरात पुढं केली. "भंगारातलं इंजिन स्वस्त पडतंय, दोन दिवसांत बसेल. दुरुस्तीला आठ दिवस गाडी उभी राहिली तर पालक दुसरी गाडी लावतील."

"शिकलाय व्हय पावणं?"

"पदवी झालीय."

"मग हे वाचा की." त्यांनी करंगळीचं नख सिलिंडरच्या भिंतीवरून वर ओढलं, मग माझं बोट धरून तिथंच फिरवलं. वरच्या कडेला माझं नख अडकलं. "एवढी झीज बोर मारून, म्हंजी आतनं घासून, नवीन पिस्टन टाकून निघती. ब्लॉक कुठं चिरला न्हाय. त्या भंगारातल्याच्या पोटात नख घालून बघितलंय का कुणी?"

मी मोबाईल खिशात घातला आणि हेच इंजिन दुरुस्त करायला सांगितलं.

आठ दिवस आबा आणि मी पोरांना सिटी बसनं शाळेत पोचवलं. एकाही पालकानं गाडी बदलली नाही. त्याच इंजिनावर माझी धाकटी बहीणही पदवीधर झाली.